पहिला ग्राहक : छोटा कारखाना, सरकारी पैसा आणि देशाची सुरक्षा

डॉ. विजय केळकर यांचं नाव अमरावती-अकोल्याकडे निघतं ते बहुधा अनुशेषाच्या बोलण्यात. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाचं मोजमाप केलं. तोच प्रश्न नव्याने तपासायला २०११ साली जी उच्चस्तरीय समिती बसली, तिचे केळकर अध्यक्ष. सिंचनाचा अनुशेष हा आमच्याकडे एसटी स्टँडवरही रंगणारा विषय, त्यामुळे हे नाव इथे घरचं झालं. याच केळकरांनी त्याआधी, एप्रिल २००५ मध्ये, संरक्षण मंत्रालयाला एक वेगळा अहवाल दिला होता, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. संरक्षण सामग्रीची खरेदी कशी व्हावी, हा त्याचा विषय होता. त्याचं सांगणं थोडक्यात असं : परदेशी माल घेत राहिलात तर घेतच राहाल. सैन्याला पुढच्या पंधरा वर्षांत काय लागणार ते देशी उद्योगाला आगाऊ सांगा, आणि नवी वस्तू घडवण्याच्या खर्चात सरकारने स्वतः वाटा उचला. २००६ च्या संरक्षण खरेदी नियमावलीत ‘मेक’ नावाची जी पद्धत आली, तिचं मूळ या अहवालात आहे.

हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचले पाहिजेत असं मला फार दिवस वाटत आलं आहे. एकात देशाने संशोधनाचा पैसा कारखान्यांपर्यंत न्यावा असं म्हटलं आहे; दुसऱ्यात राज्यातला पैसा कोणत्या भागापर्यंत पोचलाच नाही याचा हिशेब आहे. प्रस्तुत पुस्तक दोन्ही प्रश्न एकत्र हाती घेतं, आणि तेही वऱ्हाडात बसून. म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

आधी विषय कोणता ते नीट सांगायला हवं, कारण ‘सरकारी योजना’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अर्ज, जिल्हा उद्योग केंद्र आणि यंत्रसामग्रीवरची सबसिडी येते. इथे प्रकार वेगळा आहे. सैन्याला एखादी वस्तू हवी असते, पण ती अजून बाजारातच नसते. असली तरी परदेशी असते, महाग असते, किंवा ऐन वेळी मिळेल याची खात्री नसते. ती वस्तू घडवण्याचा प्रयोग एका छोट्या कंपनीने करायचा. फसण्याची शक्यता मोठी असल्याने खर्चाचा बराच भाग सरकारने उचलायचा. जमलं, तर ती सरकारनेच विकत घ्यायची, कारण रणगाड्याच्या आतल्या रेडिओला दुसरं गिऱ्हाईक नसतं. या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोहोंची चर्चा भरपूर होते. तिसरीवर सगळं तरतं किंवा बुडतं, आणि हे पुस्तक मला महत्त्वाचं वाटतं ते तिसरीवर बोट ठेवतं म्हणून.

‘छोटी कंपनी’ म्हणजे किती छोटी? १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येप्रमाणे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तो उद्योग सूक्ष्म, पंचवीस कोटी गुंतवणूक आणि शंभर कोटी उलाढालीपर्यंत लघु, आणि त्याच्या वर सव्वाशे कोटी व पाचशे कोटींपर्यंत मध्यम. अकोल्याच्या शिवणीतले किंवा अमरावतीच्या सातुर्ण्यातले बहुतेक फॅब्रिकेशनवाले पहिल्या गटात बसतात. आणि ‘सुरक्षा तंत्रज्ञान’ म्हणजे फक्त तोफगोळे नव्हेत. सियाचिनमधला बूट, पाणबुडीतलं सील, सुरुंग शोधणारा सेन्सर, जॅमिंगमध्येही चालणारा रेडिओ, टपालासारखं सामान चौकीवर टाकून येणारा ड्रोन, संगणकजाळ्यावरचा हल्ला ओळखणारं सॉफ्टवेअर, हे सगळं त्यात येतं.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ या क्षेत्राला खासगी माणसाचा पायच लागू दिला नव्हता. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रास्त्रं सरकारसाठी राखून ठेवली. १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि त्याच्यासारखे जुने कारखाने आपल्याकडे होतेच. १९५८ साली संरक्षण संशोधनासाठी डीआरडीओ स्थापन झाली. प्रयोगशाळेने शोधायचं, आयुध कारखान्याने बनवायचं, सैन्याने वापरायचं, असं हे तिघांचं बंद घर होतं. बाहेरच्या छोट्या उद्योगाच्या वाट्याला आलं ते ‘ड्रॉइंगप्रमाणे पार्ट करून द्या’. नट, बुश, पेटी, कव्हर. नकाशा त्यांचा, लेथ आपली. या कामाने अनेक घरं चालली, अचूकतेची शिस्त लागली, ते मी कमी लेखत नाही. पण पार्ट करणाऱ्याला तो पार्ट कशासाठी, हे कुणी सांगितलं नाही. ते ठाऊक नसेल तर सुधारणा सुचणार कशी?

वऱ्हाडाचा नकाशा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की पुलगावचा देशातला सर्वात मोठ्यांपैकी एक दारूगोळा डेपो. त्याच्या पुढे अंबाझरी, भंडारा आणि भद्रावतीजवळचा चांदा आयुध कारखाना. पश्चिमेला भुसावळ आणि वरणगाव. मध्ये आपण, कापसाच्या गाठी बांधत. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा त्यांतल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपूरला आणि म्युनिशन्स इंडियाचं पुण्याला आलं. दोन्ही रेल्वेने गाठता येण्याजोगी. अंतर कधी अडचण नव्हतीच.

२००१ साली संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्राला खुलं झालं. मग केळकर समिती, मग ‘मेक’. पण पहिल्या दहा वर्षांत ‘मेक’मधून सैन्याच्या हाती जवळपास काही पडलं नाही, कारण निवडलेले प्रकल्प अवाढव्य होते : पायदळाचं लढाऊ वाहन, रणभूमीवरचं संपर्कजाळं. छोट्याला तिथे उभं राहायलाही जागा नव्हती. २०१६ च्या नियमावलीत ही चूक ओळखून लहान रकमेचे प्रकल्प सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी राखले गेले. आणि खरा बदल एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईजवळच्या डिफेक्स्पो या संरक्षण प्रदर्शनात झाला. तिथे पंतप्रधानांनी संरक्षणातल्या नव्या कल्पनांसाठी ‘आयडेक्स’ या योजनेची घोषणा केली. त्याच ऑगस्टमध्ये तिच्यातल्या ‘डिफेन्स इंडिया स्टार्टअप चॅलेंज’ची पहिली फेरी निघाली. सैन्यदलांनी आपल्या अडचणी प्रश्नांच्या रूपात जाहीर मांडल्या आणि उत्तर देणाऱ्याला दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान देऊ केलं. २०२२ मध्ये ‘आयडेक्स प्राइम’ने ही मर्यादा दहा कोटींवर नेली, मार्च २०२४ मध्ये ‘अदिती’ने पंचवीस कोटींवर. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी २०२२ पासून एका प्रकल्पाला पन्नास कोटींपर्यंत देतो. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या खर्चातला पंचवीस टक्के वाटा उद्योग, स्टार्टअप आणि विद्यापीठांसाठी खुला करण्याचं जाहीर झालं.

ही कल्पना आपली नव्हे, आणि तसं सांगण्यात कमीपणाही नाही. अमेरिकेत १९७७ च्या सुमारास नॅशनल सायन्स फाउंडेशनमधल्या रोलंड टिबेट्स यांनी एक छोटा कार्यक्रम सुरू केला. सरकारचा संशोधनाचा पैसा मोठ्या विद्यापीठांत आणि मोठ्या कंपन्यांतच जिरतो, छोट्यांकडे नव्या कल्पना असूनही त्यांना कुणी विचारत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. जुलै १९८२ मध्ये त्याचा कायदा झाला. ज्या सरकारी खात्याचं बाहेर वाटायचं संशोधनाचं बजेट मोठं आहे, त्याने त्यातला ठरावीक टक्का छोट्या कंपन्यांसाठी बाजूला काढलाच पाहिजे, असा तो कायदा. सुरुवात ०.२ टक्क्याने झाली. पुढे तो वाढत ३.२ टक्क्यांवर गेला. त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा संरक्षण खात्याचा. पहिल्या टप्प्यात कल्पना चालेल का ते पाहायला थोडे पैसे, दुसऱ्यात नमुना घडवायला जास्त, आणि तिसऱ्यात या योजनेतून काहीच नाही. तिसऱ्या टप्प्यात खात्याने वस्तू विकत घ्यायची किंवा बाजाराने. क्वालकॉम आणि आयरोबोट या कंपन्या लहान असताना त्यांनी हा पैसा घेतला होता. जपानने १९९९ मध्ये, आपल्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये याच धर्तीवर योजना काढल्या.

या क्षेत्रात विचारांचे प्रवाह चार आहेत असं मी मानतो. ते एकमेकांत मिसळतात, पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा. पहिला म्हणतो, सुरुवातीची जोखीम सरकारने घ्यावी, बाकीचं उद्योजक पाहील. टिबेट्स या घराण्याचे. अर्थतज्ज्ञ मारियाना मात्सुकातो यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात याच बाजूने जोरदार मांडणी केली : आपण ज्या शोधांचं श्रेय धाडसी खासगी भांडवलाला देतो, त्यांच्या पायाशी सरकारी पैसाच असतो. दुसरा प्रवाह प्रयोगशाळेचा. सरकारी शास्त्रज्ञाने शोधावं आणि तंत्रज्ञान तयार स्वरूपात उद्योगाला द्यावं. डीआरडीओची परंपरा ही. तिसरा प्रवाह भागीदारीचा : सरकारने अनुदान न देता भांडवलच गुंतवावं. इस्राएलने १९९३ मध्ये ‘योझमा’ काढून तेच केलं, अमेरिकी गुप्तचर संस्थेने १९९९ मध्ये ‘इन-क्यू-टेल’ काढून. आपल्या राज्याने २०१८ च्या एरोस्पेस आणि संरक्षण धोरणाबरोबर उभारायला घेतलेला व्हेंचर फंड याच जातीचा. चौथा प्रवाह सवालाचा. सैन्याने सवाल टाकायचा आणि ज्याचं उत्तर चांगलं त्याचं घ्यायचं. आयडेक्सचा पिंड मुख्यतः हा आहे.

चौथ्या प्रवाहातच एक वाद आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. सवाल कुणी ठरवायचा? अमेरिकी हवाई दलाने २०१८ पासून नेहमीच्या बंदिस्त सवालांबरोबर ‘तुमच्याकडे आमच्या उपयोगाचं काय आहे ते तुम्हीच सांगा’ अशा खुल्या फेऱ्या काढल्या. अभ्यासक सबरीना हॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींचा हिशेब मांडला. खुल्या फेरीत निवडलेल्या कंपन्यांना पुढे खासगी भांडवलही जास्त मिळालं आणि सैन्याची कामंही. बंदिस्त सवालांत तेच ते जुने अर्जदार येत राहिले आणि अनुदानाने त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. आयडेक्समध्येही ‘ओपन चॅलेंज’ आहे. वऱ्हाडातल्या उद्योजकाने आधी त्या दारावर थाप मारावी असं माझं मत आहे, कारण बंदिस्त सवालाची भाषा कळायला जे आतलं ज्ञान लागतं, ते आपल्याकडे नाही.

याहून बोचरा निष्कर्ष जोश लर्नर यांचा. हार्वर्डच्या या अभ्यासकाने १९९९ मध्ये अमेरिकी योजनेतल्या कंपन्यांचा दहा वर्षांचा प्रवास तपासला. अनुदान मिळालेल्या कंपन्या इतरांपेक्षा जोराने वाढल्या, हे खरं. पण ती वाढ झाली ती फक्त अशा परिसरांत, जिथे व्हेंचर भांडवल आधीपासून खेळतं होतं. बाकीच्या भागांत तोच पैसा, तेच प्रमाणपत्र, आणि वाढ मात्र नाही. मी हे वाचलं तेव्हा मला आपल्या अनुशेषाची सगळी चर्चा आठवली. धरणाचा पैसा मंजूर होणं आणि शेतात पाणी पोचणं यांत कालव्याचं जितकं अंतर, तितकंच अनुदान मिळणं आणि कारखाना वाढणं यांत आहे. सारखी रक्कम सगळीकडे वाटली की न्याय झाला, असं मानणाऱ्या धोरणकर्त्यांनी लर्नर यांचा निबंध जरूर वाचावा.

मग कमी काय पडतं? कौशल्य नक्की नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ घ्या. तुरीचं साल काढायला एमरीचा खरखरीत रोलर, तेल-पाणी चोळायला स्क्रू, डाळ आणि चुरी वेगळी करायला चाळण्या. आराखडा विद्यापीठाचा, बांधणी वर्कशॉपची, वापर गावोगावच्या बचत गटांचा आणि छोट्या उद्योजकांचा. हंगाम सुरू झाला की तक्रार येते : यंदाची तूर बारीक आहे, दाणा फुटतोय. मिस्त्री जातो, रोलर आणि जाळी यांतली फट हाताने चाचपतो, दोन मूठ तूर टाकून पाहतो, बोल्ट पाव आटा फिरवतो, पुन्हा टाकतो. पुढच्या यंत्रात ती फट कमी-जास्त करायची सोय आधीच केलेली असते. संशोधन म्हणजे याहून वेगळं काय? प्रश्न समोर आहे, वापरणारा समोर आहे, दुरुस्ती त्याच दिवशी होते, आणि यंत्र दरवर्षी शहाणं होत जातं.

आता तोच मिस्त्री आणि लडाखमधली चौकी यांचा विचार करा. वापरणारा जवान दीड-दोन हजार किलोमीटरवर. त्याची तक्रार कागदावर, तो कागद गोपनीय, आणि ज्याने यंत्र केलं त्याला चाचणीला हजर राहायची परवानगी मिळेलच असं नाही. छोट्या कारखान्याचं सगळं बळ ज्या जवळिकीत असतं, तीच इथे तुटते. युक्रेनने एप्रिल २०२३ मध्ये ‘ब्रेव्ह-१’ नावाचं व्यासपीठ उभारलं ते नेमकं ही तूट भरायला. आघाडीवरचा सैनिक काय मागतो ते गॅरेजमध्ये ड्रोन बांधणाऱ्यापर्यंत पोचतं आणि सुधारलेला ड्रोन परत आघाडीवर जातो. युद्धाच्या रेट्याने त्यांना ते करावं लागलं. शांततेच्या काळात हे घडवायचं तर त्यासाठी शिस्तशीर व्यवस्था लागते, आणि ती अनुदानाच्या रकमेपेक्षा मोलाची आहे.

दुसरी कमतरता चाचणीची. सैन्यात जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीला ‘जेएसएस ५५५५५’ या मानकातून जावं लागतं. पेटी तापलेल्या कपाटात ठेवतात, मग गोठवणाऱ्या. दमट हवेत ठेवतात. थरथरणाऱ्या टेबलावर बांधतात. मिठाच्या धुक्यात सोडतात. त्यानंतर विद्युत-चुंबकीय चाचणीच्या बंद खोलीत तिच्यातून बाहेर पडणाऱ्या लहरी मोजतात. वऱ्हाडातला मे महिना यंत्राची कसोटी पाहतोच, पण शिक्का लागतो तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, आणि अशा सोयी पुण्या-बंगळुरूकडे एकवटल्या आहेत. एखादी पेटी पहिल्या फेरीत पास होणं दुर्मीळ. दर वेळी गाडीभाडं, मुक्काम, तासावारी भाडं आणि दोन माणसांचे गमावलेले दिवस. २०२० मध्ये केंद्राने चाचणी सुविधांसाठी ४०० कोटींची योजना काढली. तीत खर्चाच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकारचा होता. पण तिचा ओढा उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या संरक्षण कॉरिडॉरकडे राहिला. बडनेरा, शेगाव, अमरावती, अकोला इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि उद्योजक संघटनांनी मिळून एक साधी पर्यावरण-चाचणी प्रयोगशाळा मागितली, तर ती मागणी भावनिक ठरणार नाही. ती हिशेबाची आहे.

तिसरी कमतरता दमाची. आयडेक्समध्ये सरकार जेवढं देतं तेवढाच वाटा कंपनीने घालायचा असतो, आणि सरकारचा पैसा टप्पा पूर्ण झाल्यावर सुटतो. वर्षाला चार-पाच कोटींची उलाढाल करणाऱ्याला स्वतःचे दीड कोटी दोन-तीन वर्षं अडकवून ठेवणं म्हणजे घर गहाण टाकणं. त्यातून नमुना यशस्वी झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरेदीची ऑर्डर आलीच नाही तर? सरकारी माहितीप्रमाणे फेब्रुवारी २०२५ पर्यंत आयडेक्सचे ४३० करार झाले होते. त्याच सुमारास खरेदीला मंजुरी मिळालेल्या वस्तू होत्या ४३, एकूण सुमारे २,४०० कोटींच्या. मी हे आकडे निराशेने सांगत नाही. सात वर्षांत शून्यातून ४३ वस्तूंपर्यंत येणं ही आपल्या खरेदी-व्यवस्थेत लहान गोष्ट नाही, आणि काही करार अगदी ताजे होते. २०२० च्या नियमावलीने आयडेक्समधून निघालेली वस्तू थेट घेण्याची वाटही मोकळी केली. पण उरलेल्या पावणेचारशेहून अधिक जणांची घरं कशावर चालतात, हा प्रश्न कुणी तरी विचारायला हवा. हे पुस्तक विचारतं.

ड्रोन बनवणाऱ्या आयडियाफोर्जची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण बहुधा अर्धी. आयआयटी मुंबईतल्या तरुणांनी २००७ मध्ये कंपनी काढली, तिथल्याच इन्क्युबेटरने आसरा दिला, ‘थ्री इडियट्स’मध्ये त्यांचा ड्रोन उडाला, डीआरडीओबरोबर ‘नेत्र’ ड्रोन तयार झाला. जुलै २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा सगळीकडे कौतुक झालं. लष्कराची सुमारे दोन कोटी डॉलरची ऑर्डर मात्र जानेवारी २०२१ मधली. म्हणजे स्थापनेपासून चौदा वर्षं. पवईच्या कुशीत असल्याने ही कंपनी तेवढा काळ तगली. तीच मुलं मूर्तिजापूरची असती तर?

हे आत्ताच का महत्त्वाचं, असं विचाराल तर उत्तर तीन-चार दिशांनी येतं. गलवानमधली चीनबरोबरची चकमक, जून २०२०. त्यानंतर चिनी सुट्या भागांवर विसंबून राहता येणार नाही हे धोरणात आलं. पण वस्तुस्थिती बदलायला वेळ लागतो : फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराच्या ४०० मालवाहू ड्रोनची कंत्राटं चिनी भागांच्या कारणाने रद्द झाल्याचं सगळ्यांनी वाचलं. त्याच एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि मोटर बनवणारे हवालदिल झाले. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं. ड्रोन आणि ड्रोनविरोधी यंत्रणा हे शब्द तेव्हा आपल्या बैठकीत आले. याच मे महिन्यात नागपूरच्या सोलर समूहाच्या ‘भार्गवास्त्र’ या ड्रोनविरोधी यंत्रणेची गोपाळपूरला चाचणी झाली, तेव्हा ही सगळी विद्या विदर्भाबाहेरचीच असते हा समज तरी गेला असेल. सोलर आज छोटी कंपनी नाही, पण १९९५ मध्ये ती लहानच होती. १ जुलै २०२५ ला केंद्राने संशोधन आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींच्या निधीला मंजुरी दिली. पैसा येतो आहे. तो कुणापर्यंत पोचतो, हे पुढच्या पाच वर्षांत ठरेल.

आपल्या भागासाठी आणखी एक कारण आहे आणि ते शेतातून येतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर फवारणीच्या ड्रोनकडे वऱ्हाडातला माणूस हौस म्हणून पाहत नाही. दहा लिटर औषध घेऊन पऱ्हाटीवरून सरळ रेषेत जाणारा ड्रोन आणि दहा किलो शिधा घेऊन चौकीवर जाणारा ड्रोन यांचं पोट वेगळं असतं, पण मोटर, बॅटरी, उड्डाण-नियंत्रक तेच. कापूस-सोयाबीनच्या शिवारात हजारो तास उडून पारखलेलं यंत्र सैन्याच्या कामाला आणणं, हा आपल्याला जमणारा रस्ता आहे. सैन्य हे एकच गिऱ्हाईक असलेल्या कंपनीपेक्षा दोन पायांवर उभी असलेली कंपनी जास्त टिकते, ऑर्डर लांबली तरी.

एका प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. सेवाग्राम आणि पवनार आपल्या शेजारी आहेत. युद्धाच्या सामग्रीवर आपली बुद्धी का लावायची, असं विचारणारी माणसं या मातीत आहेत आणि त्यांचा आवाज क्षीण होऊ नये. मला स्वतःला मोझरीच्या संतांचा मार्ग जवळचा वाटतो. तुकडोजी महाराजांनी गावाच्या उद्योगाचा, श्रमाचा विचार आयुष्यभर सांगितला, आणि १९६२ व १९६५ च्या युद्धांत सीमेवर जाऊन जवानांना धीरही दिला. त्यांना या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही. सीमेवरचा पोरगा बहुतेकदा आपल्याच गावचा असतो. त्याच्या हातातलं साधन विश्वासाचं असावं, ही मागणी शांततेच्या विरुद्ध जात नाही. मात्र कोणती साधनं करायची आणि कोणती नाही, ती कुणाला विकायची, याचा विवेक उद्योजकाने स्वतःकडे ठेवावा. पुस्तकात हा प्रश्न मोकळेपणाने चर्चिला आहे आणि लेखकांचं त्यावर एकमत नाही. ते तसंच छापलं, हे बरं केलं.

लेखक निरनिराळ्या वाटांनी आलेले आहेत : कारखानदार, सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी, अभियांत्रिकीचे प्राध्यापक, हिशेब तपासनीस. त्यामुळे आवाज एक नाही. कारखानदार पेमेंटबद्दल कडू बोलतो. कायद्याने पंचेचाळीस दिवसांत मिळायला हवेत ते पैसे केव्हा मिळतात, हे त्याला विचारावं. अधिकारी चाचणीच्या कठोरपणाची बाजू घेतो, आणि त्याचंही खरं आहे, कारण निकामी पेटीची किंमत तो मोजतो. योजनांची माहिती देणारी पुस्तिका हा या पुस्तकाचा हेतू नाही. तशा पुस्तिका वर्षभरात जुन्या होतात. अर्ज कसा भरावा यापेक्षा, अर्ज भरावा की नाही हे कसं ठरवावं, यावर इथे भर आहे. बौद्धिक संपदा कुणाकडे राहते हा कंटाळवाणा वाटणारा मुद्दा मुद्दाम विस्ताराने घेतला आहे. आयडेक्समध्ये ती कंपनीकडे राहते, तंत्रज्ञान विकास निधीत डीआरडीओबरोबर वाटून घ्यावी लागते, आणि हा फरक सही करण्याआधी कळला नाही तर पुढे फार महागात पडतो. संरक्षण मंत्रालयाच्या ‘सृजन’ पोर्टलवर आयात होणाऱ्या सुट्या भागांच्या याद्या असतात. त्या कशा वाचाव्यात, आपल्या लेथवर, आपल्या मोल्डवर त्यांतलं काय बसतं ते कसं हेरावं, हा भाग मला व्यक्तिशः सर्वात उपयोगी वाटला. संशोधनाची पहिली पायरी अनेकदा अशा एखाद्या रबरी सीलपासून सुरू होते.

नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत भारत डायनॅमिक्सचा क्षेपणास्त्र प्रकल्प व्हायचा आहे, हे अमरावतीकर अनेक वर्षं ऐकत आले. कंपनी आपल्या कागदपत्रांत अमरावतीचा उल्लेख भावी कारखाना म्हणून करत आली आहे. वसाहतीतल्या तरुणांशी बोलताना मला जाणवतं की ते कारखान्यात नोकऱ्या किती लागतील, एवढंच विचारतात. विचारायला हवं ते दुसरंच. विमान आणि क्षेपणास्त्राच्या कामासाठी लागणारं एएस-९१०० प्रमाणपत्र मिळवायला कारखान्याची सगळी नोंदवही बदलावी लागते. मोजमापाची यंत्रं, त्यांचं कॅलिब्रेशन, प्रत्येक तुकड्यामागचा कागद. ते दोन महिन्यांत होत नाही. प्रकल्पाचं गेट उघडेल त्या दिवशी हे कागद ज्यांच्याकडे असतील त्यांना काम मिळेल, बाकीच्यांचं काम हैदराबादहून येणाऱ्या ट्रकमधून येईल. ज्या वर्कशॉपवाल्याने हे पुस्तक विकत घेतलं आहे, त्याने शेवटचा भाग आधी वाचावा आणि उद्याच आपल्या व्हर्नियरचं कॅलिब्रेशन शेवटचं केव्हा झालं ते तपासावं.